नाळे बा

पिराजी मुतगेकरांनी रिसीव्हर आणला
सायकलच्या कॅरियरवर, सतरंजीत गुंडाळून,
ट्यूबच्या पट्टीनं आवळून.
खासबागेपर्यंत येता येता धाप लागलेली.
"चालूच होत न्हाई बघ पोरी.
बटण आत जातंय. पुढं काय न्हाई."

भाच्यानं मस्कतहून आणलेला. अकरा किलो.
पुढचा पत्रा चंदेरी, फक्त जिथं अंगठा लागतो
तिथं पितळेसारखा पिवळा पडलेला.

झाकणाला सहा स्क्रू. दोन नव्हतेच.
आत धूळ, आजूबाजूच्या मागांवरून उडालेला कापूस,
झुरळाचं एक कोरडं टरफल.
ब्रश फिरवत गेले.

फ्यूज बघितला, शाबूत.
वायर शाबूत. स्विच खोलून घासला, तोही बरा.
कपॅसिटरच्या टाळूवरून बोट फिरवलं, फुगवटा नाही.
मग सिरीजला लावला.
शॉर्ट असता तर शंभराचा बल्ब भगभगला असता,
बरा असता तर एकदा उघडझाप करून मंद झाला असता.
बल्ब मख्ख.
मीटरच्या पिना ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना लावल्या.
बीप नाही.
म्हणजे करंट उंबऱ्यावरूनच माघारी जात होता.

असं झालं की मला ईरण्णा मास्तर आठवतात.
ईरण्णा मेटगुड. या टेबलाचे, या खुर्चीचे, या कावियाचे.
त्यांचं मराठी अर्धं, माझं कन्नड पाव,
उरलेलं आम्ही बोटानं दाखवायचो.
गिऱ्हाईक दारात आलं की मान वर न करता म्हणत,
नाळे बा. उद्या ये.
पूर्वी म्हणे दारांवर खडूनं हेच लिहायचे,
रात्री नावानं हाका मारत येणारीला परतवायला.
मास्तरांकडे मिक्सर घेऊन येणाऱ्या बायकाही
तशाच परत जायच्या, पुटपुटत,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

टेप सोलली.
वरची काळी, कापडी. खाली कंपनीची पिवळी,
ब्लेडनं सरळ कापून परत बसवलेली.
कुणीतरी आधी येऊन गेलं होतं.
आत थर्मल फ्यूज, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, गेलेला.
आणि ट्रान्सफॉर्मरच्या फटीत
विडीच्या कागदाची बारीक सुरळी.
उलगडली. आत दुसरा फ्यूज. तोच आकडा, तेवढेच अँपियर.
कागदावर पेन्सिलीनं, कन्नडमध्ये,
शेवटचं अक्षर कडेवरून निसटत चाललेलं:
नाळे बा.

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली.
उद्या म्हणजे केव्हा, हे ते कधीच सांगत नसत.

थर्मल फ्यूजला डाग देताना त्याचा पाय चिमट्यात धरायचा.
उष्णता चिमट्यानं प्यायला पाहिजे,
नाहीतर बसवता बसवताच जळतो.
हे त्यांनीच शिकवलेलं, माझे तीन जाळून झाल्यावर.
इथं एकच होता.
हात थरथरला नाही असं म्हणणार नाही.

बल्ब भक्कन पेटला आणि मंद झाला.
एक, दोन, तीन मोजले.
रिले, टिक्.
मुतगेकरांना ती ऐकू आली नाही.
अॅल्युमिनियमच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
कान तिथंच ठेवून आलेले.
पण डायल हिरवी झाली तशी
ते स्टुलावरून अर्धवट उठले.

"कुठं लावू? धारवाड का सांगली?"
ओरडून विचारलं, हातानं दोन दिशा दाखवून.
"कुठं बी लाव की. मला काय कळतंय त्यातलं.
रातच्याला खोलीत तेवढा उजेड असतोय."
तरी त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला.
धारवाडवर कांद्याचे भाव चाललेले.
बराच वेळ तसेच उभे.
"बोलालंय कोण तरी," म्हणाले.

मजुरी दीडशे घेतली.
फ्यूजचे लावले नाहीत, ते माझे नव्हतेच.
कागद ठेवून घ्यावा असं वाटलं,
पण परत त्याच फटीत सरकवला, रिकामा.
हुबळीहून फ्यूज मागवायला हवेत. दोन-चार.

सतरंजी आवळून झाली, सायकल वळली.
"आणि झाकणाचं दोन स्क्रू, गे?"
मी तोवर दुसऱ्या कुणाचा तरी मिक्सर उघडला होता.
मान वर न करता काय म्हणाले
ते त्यांना ऐकू गेलं नाही.